तासाला तास

कॅसेट आत सरकवून दार मिटलं की कॅमेऱ्याच्या पोटात बारीक घरघर होते. टेप ओढून ड्रमला गुंडाळली जाते, शेवटी ‘टक’ असा आवाज येतो आणि पडद्यावर सहा-सात सेकंद काळोख. मग एकदम आमचं सांगलीचं अंगण दिसतं. 2007 सालचा डिसेंबर, आजीचं सहस्रचंद्रदर्शन. न्यू जर्सीचा मामेभाऊ नवा कोरा कॅनन एचव्ही-20 घेऊन आला होता आणि चार कॅसेटी भरून त्यानं तो दिवस टिपला. परत जाताना कॅमेरा आमच्याकडेच ठेवून गेला. त्या कॅसेटी आज उघडता येतात त्या या कॅमेऱ्यामुळेच. तो दिसतो हातात मावणारा एक हँडीकॅम; पण आत आहे तो टेपवरचा हाय डेफिनिशन काळ, जेमतेम सात-आठ वर्षांचा.

सोनी, जेव्हीसी, कॅनन आणि शार्प या चार कंपन्यांनी 2003 साली एचडीव्ही हा प्रकार ठरवला. त्याच वर्षी जेव्हीसीचा जीआर-एचडी 1 आला, 2004 मध्ये सोनीचा एफएक्स 1, आणि 2005 मध्ये सोनीचाच एचसी 1, जो घरच्या माणसाला पेलेल असा होता. या मंडळींनी केलेली खरी हुशारी अशी की त्यांनी कॅसेट बदललीच नाही. लग्नाच्या शूटिंगवाल्यांकडे ढिगानं पडलेली तीच पाव इंची मिनी डीव्ही कॅसेट, तोच टेपचा वेग, मिनिटाला 9000 फेरे घेणारा तोच ड्रम, सेकंदाला तेच 25 मेगाबिट. तेवढ्याच जागेत चौपटीच्या आसपास चित्रबिंदू मावले कसे? जुना डीव्ही प्रकार प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबून ठेवायचा. एचडीव्हीत एमपीईजी-2 आला. त्यात एक फ्रेम पूर्ण लिहायची आणि पुढच्या काही फ्रेममध्ये काय बदललं तेवढंच नोंदवायचं. आपल्याकडच्या पाल पद्धतीत हा गट बारा फ्रेमचा, अमेरिकी कॅमेऱ्यात पंधराचा. दोन्हीकडे साधारण अर्धा सेकंद.

हा अर्धा सेकंद लक्षात ठेवावा लागतो, कारण कॅप्चर करताना जीव तिथेच अडकतो.

‘कॅप्चर’ या शब्दानं पुष्कळ गैरसमज केले आहेत. व्हीएचएसच्या जमान्यात ते खरंच पकडणं होतं: तारेतून येणारी लहर पकडून तिचे आकडे करायचे, आणि त्यात काही ना काही सांडायचंच. एचडीव्हीत टेपवर आकडेच आहेत. फायरवायरच्या तारेतून ते जसेच्या तसे संगणकात उतरतात, एका बिटाचाही फरक न होता. तासाभराच्या टेपचे साडेअकरा जीबीच्या आसपास होतात. पेन ड्राइव्हवरून फाइल घेण्यासारखंच हे काम, फक्त टेपला घाई करता येत नाही. एक तासाची टेप उतरवायला एक तासच लागतो, आणि तो तास कुणीतरी शेजारी बसून काढावा लागतो.

पिनॅकल स्टुडिओ, यूलीड व्हिडिओ स्टुडिओ, अ‍ॅडोबी प्रीमिअर एलिमेंट्स, सोनीचं वेगास मूव्ही स्टुडिओ ही घरगुती सॉफ्टवेअर त्या वर्षांत एकामागून एक एचडीव्ही घ्यायला शिकली. अ‍ॅपलनं 2005 मध्ये आयमूव्ही एचडी आणलं, पण त्याची वाट वेगळी होती. ते टेपवरचा एमपीईजी तसाच ठेवत नसे. उतरवतानाच प्रत्येक फ्रेम सुटी करून दुसऱ्या रूपात लिहीत असे. त्यानं कापाकापी सोपी व्हायची, पण फाइल कित्येक पट फुगायची, आणि जुन्या मॅकवर टेप संपली तरी संगणकाचं रूपांतर मागून चालूच असायचं. माझं स्पष्ट मत आहे: जपण्यासाठी उतरवत असाल तर टेपवर आहे तसंच घ्या. एडिटिंगसाठी काय बदल करायचा तो नंतर, दुसऱ्या प्रतीवर. त्या काळी एचडीव्ही स्प्लिट नावाचा एक छोटा फुकट प्रोग्राम होता. तो एवढंच काम करायचा. टेपवर प्रत्येक शॉटसोबत नोंदलेली तारीख-वेळ बघून फाइलींचे तुकडे पाडायचा आणि मूळ आकड्यांना हात लावायचा नाही. मोठाल्या सॉफ्टवेअरपेक्षा माझा त्याच्यावर जास्त भरवसा.

आता घोळ कुठे होतात ते सांगतो, कारण यातले बहुतेक माझ्या हातून झाले आहेत. कॅमेऱ्याच्या मेनूत एचडीव्हीचं डीव्ही करून बाहेर सोडण्याची सोय असते, जुन्या संगणकांसाठी. ती चालू राहिली तर सगळं सुरळीत उतरतं, आणि एडिटिंगला बसल्यावर कळतं की आपण साधं, जुन्या दर्जाचं चित्र उतरवून ठेवलंय. एक अख्खी कॅसेट मी अशी उतरवली होती. दुसरी गोष्ट चित्राच्या मापाची. एचडीव्ही 1080 च्या टेपवर रुंदीला 1920 नव्हे, 1440 च बिंदू असतात, आणि दाखवताना ते आडवे ताणायचे असतात. प्रोजेक्टमध्ये हे सांगायचं राहिलं की सगळी माणसं आजारातून उठल्यासारखी बारीक दिसतात. तिसरी आमची खास अडचण: कॅमेरा अमेरिकी, म्हणून सेकंदाला साठ फील्ड, आपल्याकडचं सॉफ्टवेअर मात्र सुरू होतं ते पन्नासवर. ते बदलेपर्यंत चालणारा माणूस अडखळत चालतो. अशी टेप आपल्याकडच्या घरगुती एचडीव्ही कॅमेऱ्यात घालूनही उपयोग नाही. सोनीच्या झेड 1 सारखा दोन्ही पद्धती जाणणारा कॅमेरा असेल तरच ती चालते.

आणि ती फायरवायरची तार! कॅमेऱ्याच्या बाजूला चार पिनांचा इवलासा प्लग, संगणकाच्या बाजूला सहा पिनांचा. सहावाल्यातून वीजही येते. अंधारात चाचपडत तो उलटा दामटला तर पोर्ट जळतो. दोन्ही यंत्रं बंद ठेवून, उजेडात, हळू लावायचा.

आजीची पहिली कॅसेट उतरवताना चोविसाव्या मिनिटाला चित्र गोठलं. मावश्या ओवाळत होत्या, निरंजनांचा उजेड आजीच्या चेहऱ्यावर हलत होता, तिच्या इरकली लुगड्याच्या काठाचा धागान्‌धागा दिसत होता. कुणीतरी काहीतरी म्हणालं, आजी हसायला लागली आणि तिथेच सगळं थांबलं. अर्ध्या सेकंदानं चित्र पुन्हा सुरू झालं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला होता. डीव्ही टेपवर एवढ्याशा डागानं चार-दोन चौकोन उडाले असते. इथे पूर्ण लिहिलेली फ्रेमच वाचता आली नाही, म्हणून तिच्यावर टेकलेल्या सगळ्या गेल्या. तिचं हसू नेमकं त्या पंधरा फ्रेममध्ये होतं.

पावसाळ्याची दमट हवा टेपला मानवत नाही. दव धरलं तर कॅमेरा स्वतःच टेप घ्यायला नकार देतो. बुरशी धरली तर ती टेपवरून हेडवर जाते आणि हेडवरून पुढच्या टेपवर. मी कॅमेरा बंद केला. क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद फिरवली, त्याहून जास्त नाही, कारण ती हेड घासते. आजीची टेप शेवटापर्यंत पुढे नेली, पुन्हा मागे आणली, म्हणजे ताण सारखा होतो. कॅसेटच्या पाठीवरची बारीक खिटी ‘सेव्ह’कडे सरकवली आहे ना, ते पुन्हा पाहिलं. मग सुरुवातीपासून.

2006 मध्ये सोनी आणि पॅनासॉनिकनं एव्हीसीएचडी आणलं, पुढे कार्डं स्वस्त झाली आणि कॅप्चर हा शब्दच मागे पडला. नव्या लॅपटॉपला फायरवायर नाही. मॅकला 2025 पर्यंत थंडरबोल्टचे जोड लावून भागत असे, विंडोजमध्ये कार्ड बसवून जुना ड्रायव्हर घालावा लागतो. एचडीव्हीचं चित्र यूएसबीच्या तारेनं बहुतेक कॅमेऱ्यांतून निघत नाही. ती तार फोटोंसाठी. कॅमेऱ्यांचे रबरी पट्टे, हेड, मोटरी म्हाताऱ्या होताहेत. टेप कदाचित टिकेलही, पण ती वाचणारं यंत्र टिकायला हवं. म्हणून ज्यांच्या कपाटात एचडीव्ही असं लिहिलेल्या कॅसेटी आहेत, त्यांनी चालू कॅमेरा असलेला माणूस आत्ताच शोधावा, आणि त्याला सांगावं की डीव्हीडी नको, मूळ फाइल द्या.

दुसऱ्या खेपेला मी बाविसाव्या मिनिटापासून पडद्याजवळ सरकून बसलो. ओवाळणं सुरू झालं. तेवीस. चोवीस. कुणीतरी म्हणालं, “आई, इकडे बघ की, अमेरिकेत दिसायचंय तुला!” आजी हसली, पुढचा पडलेला दात दाखवत, पूर्ण, आणि मग तिनं पदर तोंडाला लावला.