थंडीच्या दिवसांत ट्रकचा दिवा का लागतो? ऊस वाहतूक करणाऱ्या सभासदांसाठी चार शब्द



गळीत हंगाम ऐन भरात येतो तो थंडीतच. त्याच वेळी नवीन ट्रक वारंवार अडतात, ही वाहतूकदारांची नेहमीची तक्रार. 'कालच दुरुस्त केला, आज पुन्हा पिवळा दिवा!' ट्रक अडला की तोडलेला ऊस वाळतो. वजनातली घट एकट्याची, पण उताऱ्यातली घट सर्वांची. म्हणून दुखणे नीट समजून घेतले पाहिजे.

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात बीएस-६ मानक लागू झाले. या गाड्यांत धूर स्वच्छ करणाऱ्या दोन मुख्य गोष्टी असतात. एक डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ही काजळी सुमारे ६०० अंश उष्णतेला आतल्या आत जाळली जाते. त्याला रिजनरेशन म्हणतात. दुसरी एससीआर. तिच्यात डीईएफ या द्रवाचा फवारा पडतो आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइडचे साधा नायट्रोजन व पाणी होते.

डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया व बाकी शुद्ध पाणी असते. ते गोठते उणे ११ अंशाला. लडाखकडे तसे होते, आपल्या उसाच्या पट्ट्यात नाही. मग आपल्याकडे घोडे अडते कुठे? तर पाइप न तापण्यात. फडात इंजिन चालू ठेवून मोळ्या भरायच्या, वाहनतळावर नंबर लागेपर्यंत गाडी घुरघुरत ठेवायची, वर पहाटेचा गारठा. धूर सुमारे २०० अंशांच्या खाली राहिला, तर एससीआर नीट काम करत नाही. काजळी साठते. फवारा पुरता उडून न गेल्याने पाइपात पांढरे खडे धरतात. नुसता दिवा घालवून घेतला तर तो पुन्हा लागणारच.

उपाय असे :

१) रांगेत इंजिन बंद ठेवा.

२) काजळीचा दिवा लागताच, शक्य असेल तर गाडी मोठ्या रस्त्यावर २०–३० मिनिटे एकसारख्या वेगाने चालवा. रिजनरेशन चालू असताना इंजिन बंद करू नका.

३) उभ्या गाडीत बटन दाबून रिजनरेशन करायचे, तर फडात किंवा पाचटाजवळ मुळीच नको. सायलेन्सर इतका तापतो की पाचट पेट घेईल.

४) टाकीच्या तोंडाचे व जोडांचे पांढरे खडे कोमट पाण्याने व स्वच्छ फडक्याने पुसा. कोरडे खरवडू नका.

५) शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतू नका! त्याला निंबोळीचा लेप असतो, आणि विहिरीच्या पाण्यात क्षार. पंप, नोझल व एससीआर तिन्ही बाद होतात. वाचतात शंभर, जातात हजारो. डीईएफ सीलबंदच घ्या व सावलीत ठेवा.

६) ऑइल कंपनीने सांगितलेलेच, कमी राखेचे वापरा. काजळी जळते, राख जळत नाही. ती जाळीतच बसते.

एवढे करूनही दिवा जात नसेल, तर सेन्सर, नोझल व वायरिंग तपासून घ्या. जाळी कापून काढण्याचा सल्ला देणारे भेटतील. ते बेकायदेशीर आहे, आणि तो धूर आपल्याच गावावर बसतो.

हंगामाआधी एक दिवस गाडीसाठी काढा. हंगामातले दहा दिवस वाचतील.