लॉग अक्षावर शून्याला जागा कुठे?

२५ डिसेंबर २०२० रोजी धारावीत कोरोनाचा एकही नवा रुग्ण सापडला नाही. १ एप्रिलला तिथे पहिला रुग्ण आढळल्यापासून असा दिवस पहिल्यांदाच आला होता. पण रोजच्या रुग्णसंख्येचा आलेख लॉग अक्षावर काढला, की नेमका हाच दिवस गायब होतो.

गैरसमज असा, की लॉग अक्षाच्या तळाशी शून्य असतं. नसतं. इथे एक पायरी उतरणं म्हणजे दहाने भागणं: १००, १०, १, ०.१, ०.०१... भागत राहा, शून्य काही हाती लागत नाही. तळाची रेघ आलेख काढणाऱ्याने सोयीने ओढलेली असते. म्हणून लॉग अक्षावर स्तंभ उभे करणं मला तरी फसवणुकीच्या जवळचं वाटतं. तळ १ वर धरला, तर १०० चा स्तंभ १० च्या स्तंभाच्या दुप्पट दिसतो, तळ ०.१ वर नेला, की दीडपट. आकडे मात्र तेच!

‘सॉफ्टवेअर सांभाळून घेतं,’ हाही भ्रमच. एक्सेल इशारा देतं खरं, पण तो आलेख काढणाऱ्याला. वाचकाला त्याचा पत्ताही नसतो. काही ठिकाणी शून्याचा बिंदू गाळून शेजारचे दोन बिंदू सरळ जोडले जातात आणि त्या दिवशीही थोडेफार रुग्ण होते, असं चित्र उभं राहतं.

मग ‘सगळ्यांत १ मिळवा’ हा लाडका तोडगा निघतो. रुग्ण मोजताना तो एक वेळ चालेल, पाऊस मोजताना नाही. १० आणि १०० मिलिमीटर पावसात दहापटीचा फरक आहे. १ मिळवल्यावर ११ आणि १०१, म्हणजे सुमारे ९.२ पट. हाच पाऊस सेंटीमीटरमध्ये १ आणि १०. मिळवून २ आणि ११, म्हणजे साडेपाच पट. एकक बदललं आणि पावसाचं चित्रच बदललं.

ऋण आकड्यांबाबत गोंधळ आणखी मोठा. ऋण संख्येचा लॉग वास्तव संख्यांत निघत नाही, पण लॉगचं उत्तर ऋण येऊ शकतं. अगदी सूक्ष्म भूकंपाची रिश्टर तीव्रता ऋण असते. त्याची ऊर्जा ऋण नसते. शून्य डेसिबल म्हणजेही निःशब्दता नव्हे, तर २० मायक्रोपास्कल इतका ध्वनिदाब.

मूळ आकडाच ऋण असेल तर? मे २०२० मध्ये स्पेनने कोरोनामृत्यूंची एकूण नोंद सुमारे दोन हजारांनी कमी केली. त्यामुळे त्या दिवसाचे ‘नवे मृत्यू’ ऋण निघाले. अशा वेळी मॅटप्लॉटलिब या आलेख काढण्याच्या सॉफ्टवेअरमधला ‘सिमलॉग’ अक्ष कामी येतो: शून्याभोवतीचा पट्टा साधा, त्याच्या दोन्ही बाजूंना लॉग. हा पट्टा किती रुंद ठेवायचा, हे काढणारा ठरवतो, तेव्हा त्याने ते आलेखावर लिहायलाच हवं.

शून्यं वगळू नका. तळाच्या रेघेखाली वेगळ्या खुणेने दाखवा आणि ती किती होती, हे आलेखाखाली एका ओळीत नोंदवा.