सराला बेट आणि गंगथडीची बोली

प्रस्तुत लेखकाचे बालपण वैजापूर तालुक्यातील गोदाकाठच्या एका खेड्यात गेले. शाळेतील एका निबंधात 'आमचे गाव गंगेच्या काठी आहे' असे लिहिले असता गुरुजींनी 'गंगा' या शब्दावर तांबडी रेघ ओढली, वर 'गोदावरी' असे लिहिले आणि दोन गुण कापले. घरी येऊन आजीस ही हकिगत सांगितली, तेव्हा तिने विचारले, "गोदावरी ती कुठली रं?"

आजीचे अज्ञान नव्हते आणि निबंधातील शब्दही चुकीचा नव्हता, हे कळावयास पुढे भाषाशास्त्राचा अभ्यास करावा लागला. गौतम ऋषींनी त्र्यंबकेश्वरी गंगा आणली या कथेमुळे गोदावरीस गौतमी गंगा म्हणतात, हे सर्वश्रुत आहे. तेराव्या शतकातील महानुभाव गद्यात गोदावरीस 'गंगा' म्हणण्याची रीत आढळते. श्रीचक्रधरांचे वास्तव्य झालेले डोंबेग्राम, म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातील आजचे कमालपूर, याच पट्ट्यात आहे. सावखेडगंगा, बाभुळगाव गंगा, लाखगंगा ही वैजापूर तालुक्यातील गावनावे याच वापराची साक्ष देतात. एकाच नावाची अनेक गावे असली म्हणजे वेगळेपणा दाखविण्यासाठी नदीचे नाव जोडावे लागते, आणि लोकांनी जोडले ते स्वतःच्या तोंडचे. या सबंध पट्ट्यास म्हणावयाचे 'गंगथडी'. जशी भीमेची ती भीमथडी.

या गंगथडीत, वैजापूर व श्रीरामपूर या दोन तालुक्यांच्या सीमेवर, नदीचे पात्र दुभंगून मध्ये भूमी राहिली आहे. तेच सराला बेट. 'बेट' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत: पाण्याने वेढलेली भूमी, आणि बांबूसारख्या वनस्पतींचा दाट पुंजका. कन्नडात 'बेट्ट' म्हणजे डोंगर. गोव्याकडे नदीतील बेटास 'जुवें' म्हणतात, आणि तेथे त्या नावाचे गावही आहे. गोदावरीच्याच वरच्या अंगास कोपरगावचा शुक्राचार्यांच्या मंदिराचा भाग आजही 'बेट' म्हणूनच ओळखला जातो.

तथापि आमच्याकडे या शब्दाने तिसरा एक अर्थ धारण केला आहे. गंगागीर महाराजांनी एकोणिसाव्या शतकात अखंड हरिनाम सप्ताह सुरू केला. परंपरेने त्याचा आरंभ १८४७ चा मानतात. त्यांचे स्थान सराला असल्याने 'बेट' म्हणजे मठ, मठाची गादी आणि तिला मानणारा समाज, असा अर्थविस्तार झाला. सप्ताह दरवर्षी निरनिराळ्या गावी भरतो. २०२४ साली तो सिन्नर तालुक्यात पंचाळे येथे भरला. तेथे गोदावरीचे पात्र नाही, तरी लोक म्हणाले 'बेटाचा सप्ताह'. बेट कोरड्या जमिनीवर चालू लागले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९४८ पर्यंत ही नदी केवळ दोन तालुक्यांची नव्हे, दोन राज्यांची सीमा होती. उत्तरेस निजामाचे हैदराबाद संस्थान, दक्षिणेस मुंबई प्रांत. दक्षिणकाठचे लोक आमच्या बाजूस 'मोगलाई' म्हणत. या काठी हाली शिक्का, त्या काठी कलदार रुपया. माल नेताना करोडगिरीचा नाका. कचेरीची भाषा येथे उर्दू होती. येथला 'तहसीलदार' तेथे 'मामलेदार', आणि तिकडे ज्यास 'सातबारा' म्हणत त्याची जागा इकडे 'पहाणीपत्रक' घेई. एकच बोली बोलणारी, एकमेकांत सोयरीक असलेली माणसे. पण सरकारदरबारी गेली की त्यांचे शब्द बदलत. या भेदाकडे आपल्या बोली-अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे माझे मत आहे.

१९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भयाने या काठची अनेक कुटुंबे नदी ओलांडून गेली. आजीचे माहेर त्यांतलेच. कोणी मोठ्या दुखण्यातून उठला की ती म्हणे, "लागला बाई पैलथडीला." मराठीत पैलतीर हा बहुधा परलोकाचा संकेत; तिच्या बोलीत मात्र पैलथड म्हणजे जीव वाचण्याचे ठिकाण. हा अर्थ मला कोणत्याही कोशात मिळालेला नाही, आणि आज तो घराबाहेर कोणी ओळखील असे वाटत नाही.

नदीच्या रोजच्या व्यवहारातील शब्द अजून पुष्कळ टिकून आहेत. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळाची जमीन ती 'मळई', तिच्यावरची पेर ती 'गाळपेर'. हिंदीत 'चप्पू' म्हणजे वल्हे. आमच्याकडे त्या लहान नावेलाच चप्पू म्हणतात.

पुराची भाषा मात्र वेगळी. ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ मध्ये नांदूरमधमेश्वर बंधाऱ्यातून मोठा विसर्ग झाला आणि काठच्या लोकांना घरे सोडावी लागली. दुसऱ्या खेपेस मी गावीच होतो. सूचना आली ती क्युसेकच्या आकड्यांत, 'गोदावरी नदीपात्रातील विसर्ग' या शब्दांत. शेजारच्या वृद्ध काकूंनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांच्या नातवाने बाहेरून ओरडून सांगितले, "आज्जे, गंगा मारुतीच्या तिसऱ्या पायरीला लागली!" त्यासरशी त्या उठल्या आणि शेळी सोडावयास गोठ्याकडे धावल्या.