दगडाला नको असलेलं लाकूड

थेरगावात नव्या इमारतीच्या स्लॅबखालचे टेकू निघाले की, प्लास्टर व्हायच्या आत एकदा वर बघावं. जिथे सेंटरिंगला लाकडी फळ्या वापरल्या असतील, तिथे काँक्रीटवर त्यांचे सांधे आणि गाठी उमटलेल्या असतात. फळ्या पुढच्या साइटवर गेलेल्या, पण छतावर त्यांची खूण राहिलेली.

याच्या नेमकं उलट कार्ल्याच्या लेण्यांत घडलंय. तिथलं चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, सुमारे 38 मीटर लांब, 14 मीटर उंच, सगळंच्या सगळं डोंगरात कोरलेलं. त्या छताला कशाचाही आधार नको. तरीही कमानदार छताखाली सागवानी वासे ओळीने बसवलेले आहेत, आणि त्यांना दोन हजार वर्षं होत आली!

का बसवले? कारण त्याआधीची प्रार्थनागृहं लाकडाची होती. कारागिरांचा हात दगडावर चालत होता, पण डोळ्यांपुढे घर होतं ते सुताराचं. जवळच्या भाजे लेण्यात तर खांबही आत कललेले आहेत. लाकडी छप्पर खांबांना बाहेर रेटतं, म्हणून ते असे तिरके रोवायचे. कातळात रेटा कुठला? तिरकेपणा मात्र तसाच कोरला. मला तर हे त्या कारागिरांनी लाकडाला दिलेलं मानपत्रच वाटतं.

कार्ल्याच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत एक नोंद आहे: दरवाजाचं काम धेनुकाकटच्या सामीचं, वेणुवासाच्या मुलाचं. त्याचा व्यवसाय लिहिलाय ‘वढकी’, म्हणजे सुतार. विदर्भात सुताराला वाढई म्हणतात, तो याच शब्दाचा वंशज. दरवाजा दगडी, आणि नाव सुताराचं!

आणि लाकूड टिकलं कसं? सागात मुळातच तेल असतं आणि वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण 20 टक्क्यांहून जास्त ओल लागते. मावळातला पाऊस कितीही कोसळला तरी कातळाच्या पोटात तो थेट पोचत नाही. साग कोरडा राहिला की काळाचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही.

थेरगावकरांनो, चिंचवडहून लोणावळा लोकल पकडा आणि मळवलीला उतरा. भाजे तिथून चालत जाण्यासारखं आहे, कार्ले थोडं लांब. आत गेल्यावर आधी मान वर करा.