नॅनोच्या आधीची ‘मीरा’

स्वस्तातली छोटी कार म्हटलं की आपल्याला आठवते २००८ साली टाटांनी दाखवलेली नॅनो. थोडे सीनिअर असाल तर १९८३ची मारुती ८००. पण बॉस, हा फंडा त्याही आधी एका मराठी माणसाच्या डोक्यात आला होता. गाव इचलकरंजी, माणूस शंकरराव कुलकर्णी आणि कारचं नाव ‘मीरा’!

शंकररावांचं शिक्षण जेमतेम सातवीपर्यंत. ना इंजिनिअरिंगची डिग्री, ना पाठीशी बडी कंपनी. तरीही १९४९मध्ये त्यांची टू-सीटर नंबरप्लेट लावून रस्त्यावर आली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. सत्तरच्या दशकापर्यंत मीराची नवनवी मॉडेल्स बनवत राहिले. इंजिन मागच्या बाजूला आणि सस्पेन्शन चक्क रबराचं. म्हणजे पार्ट कमी, खर्चही कमी. किंमत ठरवली होती साधारण १२ हजार रुपये.

मग मीरा शोरूममध्ये का आली नाही? कारण तेव्हा नुसती आयडिया पुरत नव्हती. १९५१च्या उद्योग कायद्यामुळे मोठा कारखाना काढायचा तर दिल्लीचा परवाना हवा. तो काही मिळाला नाही. गंमत बघा, त्याच काळात फियाट बुक करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत होते. म्हणजे गिऱ्हाईक होतं, गाडीही होती. अडलं ते मधल्या एका कागदापाशी.

स्टार्टअपच्या गप्पा मारताना आपण गॅरेजमधल्या अमेरिकन पोरांची उदाहरणं देतो. पुढच्या वेळी इचलकरंजीचं नावही घ्या की!