प्रोटॉन कधी मरतो का?

दोस्तांनो, समोर पाण्याचा पेला आहे ना? पिण्याआधी जरा त्याच्याकडे बघा. त्यात असंख्य प्रोटॉन आहेत. प्रोटॉन म्हणजे अणूच्या केंद्रकातला धनभारित कण. तो कधीच मरत नाही, असंच सगळे धरून चालले होते.

पण १९७४ साली अमेरिकेत हॉवर्ड जॉर्जी आणि शेल्डन ग्लॅशो यांनी एक सुंदर सिद्धांत मांडला. विद्युतचुंबकीय, क्षीण आणि तीव्र ही तीन बलं मुळात एकच आहेत, असं तो सांगतो. त्यातून एक विचित्र गोष्ट निघाली. प्रोटॉनही फुटणार! कधी? १ वर साधारण तीस शून्यं, इतक्या वर्षांनी. आणि विश्वाचं वय तर जेमतेम १३८० कोटी वर्षं!

मग एवढी वाट कोण बघणार? त्यावर युक्ती आहे. लॉटरीचं एकच तिकीट घेतलं, तर बहुधा जन्मभर बक्षीस लागणार नाही. पण सगळीच तिकिटं तुमच्याकडे असली तर? तसंच ढीगभर प्रोटॉन एकत्र ठेवले, तर एखादा तरी लवकर फुटेल.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात जपानी सहकाऱ्यांसह हेच केलं. कर्नाटकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून खोल, त्यांनी १४० टनांचं लोखंडी यंत्र उभारलं. इतकं खोल का? आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा गोंधळ टाळायला. काही खुणा दिसल्या, आशा वाटली! पण अमेरिका आणि जपानमधल्या पाण्याच्या मोठ्या टाक्यांत तसं काही दिसेना.

जपानच्या सुपर-कामिओकांडे टाकीत तर ५०,००० टन पाणी आहे. तिथे १९९६ पासून पहारा चालू आहे. तो सिद्धांत बरोबर असता, तर एव्हाना हजारो प्रोटॉन फुटताना दिसले असते. खात्रीनं सांगावा असा एकही दिसला नाही! म्हणजे सिद्धांत सुंदर होता, पण जसाच्या तसा खरा नव्हता.

मग मेहनत फुकट गेली? छे! याच शोधासाठी आधी बांधलेल्या कामिओकांडे टाकीत १९८७ साली एका ताऱ्याच्या स्फोटातून आलेले न्यूट्रिनो सापडले. त्या कामाबद्दल मासातोशी कोशिबा यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

नवे सिद्धांत म्हणतात, प्रोटॉन फुटेल, पण त्याचं आयुष्य आणखी मोठं आहे. म्हणून जपानमध्ये आणखी मोठी टाकी बांधली जात आहे.

आता तो पेला खुशाल पिऊन टाका. तुमच्या हयातीत तरी त्यातला प्रोटॉन फुटायचा नाही!