भांडवल येते, पण परत कसे जाते? (लेखांक सहावा)

गेल्या लेखांकात, नफा आणि लोकहित ही दोन उद्दिष्टे एकाच उद्योगाच्या घटनेत नांदू शकतात काय, या प्रश्नाचा आपण तात्त्विक बाजूने विचार केला. आज तोच प्रश्न गरीब स्त्रियांना लहान रकमेची कर्जे देण्याच्या प्रत्यक्ष व्यवसायावरून तपासावयाचा आहे. हाच व्यवसाय निवडण्याचे कारण असे की, एकच काम, जवळजवळ एकाच कालखंडात, दोन सर्वस्वी भिन्न प्रकारच्या भांडवलावर उभे राहिलेले येथे पाहावयास मिळते, आणि भांडवल कोणत्या अटींवर आले यावरून त्या कामाचे पुढील सारे चरित्र कसे ठरत जाते, हे येथे जितके स्वच्छ दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसते.

सातारा जिल्ह्यातील माण तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशातला, पिढ्यान्‌पिढ्या अवर्षण सोसणारा. जयप्रकाशांच्या चळवळीतून घडलेल्या आणि विवाहानंतर मुंबई सोडून याच तालुक्यातील म्हसवडला स्थायिक झालेल्या चेतना गाला-सिन्हा यांच्याकडे एक दिवस रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणारी एक स्त्री आली. पावसाळ्यात पोराबाळांच्या डोक्यावर ताडपत्री घालता यावी, एवढ्यासाठी रोजच्या कमाईतले थोडे पैसे बाजूला टाकावेत अशी तिची इच्छा होती. परंतु इतक्या क्षुल्लक ठेवीचा हिशेब ठेवणे परवडत नाही म्हणून कोणतीही बँक तिचे खाते उघडावयास तयार नव्हती. कर्ज मागणारी नव्हे, तर स्वतःचेच पैसे सुरक्षित ठेवू पाहणारी स्त्री दारातून परत पाठवली जाते, ही गोष्ट या सर्व विषयाच्या मुळाशी आहे, असे मला वाटते.

तेव्हा स्त्रियांनी स्वतःचीच सहकारी बँक काढावयाचे ठरवले. रिझर्व्ह बँकेकडे गेलेला पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींनी सहीच्या जागी अंगठा उठवला होता. या स्त्रिया साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, काही महिन्यांनी पुन्हा त्याच कचेरीत गेल्या, आणि तेथील अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितले की, कोणतीही मुद्दल आणि कोणताही दर सांगा, आम्ही व्याज तोंडी काढतो, तुमच्या माणसांनी ते यंत्रावर काढावे, आणि कोण आधी सांगते ते पाहावे. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला.

या बँकेचे भागभांडवल सभासद स्त्रियांचे. सहकारी कायद्याप्रमाणे भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. महाराष्ट्राच्या १९६० च्या अधिनियमाने लाभांशावर शेकडा १५ ची मर्यादा घातलेली. आणि सभासदत्व सोडताना भागाची सामान्यतः दर्शनी किंमतच हाती पडते. याचा अर्थ असा की, बँक दसपट मोठी झाली तरी भागधारकाची पुंजी त्यामुळे दसपट होत नाही, आणि म्हणून बँकेने घाईने वाढावे असा तगादा लावण्यात कोणाचाही आर्थिक स्वार्थ गुंतलेला नसतो.

आता दुसरे उदाहरण घेऊ. विक्रम अकुला यांनी आंध्र प्रदेशात स्थापन केलेली एस.के.एस. ही संस्थाही त्याच सुमारास, धर्मादाय स्वरूपात, सुरू झाली. पाच-पाच स्त्रियांचे गट, आठवड्याची बैठक, एकीचा हप्ता चुकल्यास इतरांनी तो सावरावा ही रीत; सारे बांगलादेशातील ग्रामीण बँकेच्या धर्तीवर. दहा हजारांच्या कर्जालाही मोठ्या कर्जाइतकीच कागदपत्रे आणि वसुलीच्या कितीतरी अधिक खेपा लागत असल्याने या धंद्यात व्याजाचा दर चढा राहतो, हे न्यायाने मान्य केले पाहिजे. सावकाराच्या तुलनेत तो दर पुष्कळांना दिलासाच होता. पुढे वाढीसाठी मोठे भांडवल हवे म्हणून संस्थेची कंपनी झाली आणि खाजगी गुंतवणूक निधी तिचे भागधारक झाले.

येथे जरा थांबून अशा निधीची रचना समजून घेतली पाहिजे, कारण सारी गोम तिच्यात आहे. निधीचे चालक दुसऱ्यांचा पैसा ठराविक मुदतीसाठी, बहुधा दहाएक वर्षांसाठी, घेतात. मुदत संपण्यापूर्वी त्यांना आपले समभाग कोणाला तरी चढ्या भावाने विकून मोकळे व्हावेच लागते. आणि चढा भाव यावयाचा तर कर्जदारांची संख्या, शाखांची संख्या आणि नफा या तिन्हींचा आलेख दर तिमाहीस वर जाताना दिसावा लागतो. निधीचे चालक सहृदय असोत वा नसोत, ही मुदत त्यांना चुकत नाही. म्हणूनच गुंतवणूकदाराची परतीची वाट कोणती, हा प्रश्न मी व्याजदराच्या प्रश्नाहूनही महत्त्वाचा मानतो.

ऑगस्ट २०१० मध्ये एस.के.एस.चे समभाग ९८५ रुपये भावाने बाजारात आले आणि १,६०० कोटींहून अधिक रक्कम गोळा झाली. विकलेल्या समभागांपैकी निम्म्याहून अधिक जुन्या भागधारकांचे होते. ग्रामीण बँकेचे संस्थापक मुहम्मद युनूस यांनी या मार्गावर जाहीर आक्षेप घेतला. त्यांच्या बँकेची बहुतांश मालकी कर्जदार स्त्रियांचीच होती, हे येथे ध्यानात घ्यावे. तोवर आंध्रात एकाच घरात तीन-तीन, चार-चार कंपन्यांची कर्जे शिरली होती. एकीचा हप्ता दुसरीच्या कर्जातून भरला जात होता, वसुलीचे प्रकार कठोर झाले होते, आणि आत्महत्यांच्या वार्ता येऊ लागल्या होत्या. ऑक्टोबरात राज्य सरकारने वटहुकूम काढून घरोघरची वसुली बंद केली आणि साप्ताहिक हप्त्याऐवजी मासिक हप्ता सक्तीचा केला. वसुली कोसळली आणि दोन वर्षांच्या आत तो समभाग शंभर रुपयांच्याही खाली गेला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या मालेगाम समितीने जानेवारी २०११ मध्ये व्याजावर कमाल मर्यादा सुचवली आणि एका कर्जदाराला दोनाहून अधिक कंपन्यांनी कर्ज देऊ नये असे म्हटले.

यावरून सहकार तेवढा निर्दोष असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो मला मान्य नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, एकाच समूहाला दिलेली प्रचंड कर्जे दप्तरात दडवल्याचे उघड झाले, आणि ठेवीदारांनी कचेऱ्यांसमोर काढलेले ते दिवस महाराष्ट्र विसरलेला नाही. तेथेही सभासदाला मत एकच होते. मताचा हक्क असून हिशेब विचारणारे कोणी नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. म्हसवडच्या स्त्रिया आधी व्याज काढावयास शिकल्या आणि मग बँकेच्या मालकीण झाल्या, याचे मोल म्हणूनच मला मोठे वाटते. शिवाय सहकाराची एक खरी अडचण अशी की, सभासद गरीब असतील तर भांडवलही तुटपुंजेच जमते, आणि बाहेरच्या पैशाला घरात घेण्याची तरतूद कायद्यात फारशी नाही.

सहकाराच्या बाहेर, लोकहिताच्या इतर कामांना असा बाहेरचा पैसा मिळावा म्हणून गेल्या काही वर्षांत ‘सोशल स्टॉक एक्स्चेंज’चा मार्ग आपल्याकडे खुला झाला असून, ‘सेबी’ने २०२२ साली त्याचे नियम केले. तेथे धर्मादाय संस्था असे रोखे काढू शकतात की, ज्यांवर व्याजही मिळत नाही आणि मुद्दलही परत येत नाही. परतीची वाट मुळातच बंद असलेला हा पैसा कोण आणि कशाच्या भरवशावर देतो, हे पुढील लेखांकात पाहू.